मताआधीचा धडा

राज्यकारभाराचे शिक्षण आधी की राज्यकारभारातील सहभाग आधी, हा वाद महाराष्ट्रात निदान सव्वाशे वर्षे चालत आला आहे. राज्यसंस्था कशी चालते, तिच्यापुढे सामान्य माणसाचे हक्क कोणते आणि त्याच्यावर कर्तव्ये कोणती, याच्या शिक्षणाला नागरिकशिक्षण म्हणतात. कारभार कळल्याशिवाय त्यात कोणाला हात घालू देऊ नये, असे एका पक्षाचे म्हणणे राहिले. हात घातल्याशिवाय तो कळतच नाही, असे दुसऱ्याचे. प्रौढांपुरता हा वाद १९५० मध्ये दुसऱ्या पक्षाच्या बाजूने निकाली निघाला. विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र पहिला पक्ष पुन्हा पुन्हा वर येत राहिला, आणि त्याला वर आणण्याचे काम परकीय सरकारइतक्याच सहजतेने स्वकीय सरकारनेही केले.

वसाहतीच्या सरकारची या बाबतीतील पहिली मोठी घोषणा दुसऱ्या पक्षाची होती, ही गोष्ट सहसा विसरली जाते. लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्याचा, म्हणजे गावा-शहरांचा कारभार तेथील लोकांच्या प्रतिनिधींकडे सोपवण्याचा, पुरस्कार केला. कारभार लगेच सुधारेल हा त्यामागचा मुख्य हेतू नसून लोकांचे राजकीय शिक्षण हा आहे, असे त्या ठरावात स्पष्ट म्हटले होते. त्यानुसार मुंबई इलाख्यात १८८४ मध्ये नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांचे कायदे झाले. चुकतमाकत कारभार करावा आणि त्यातून शिकावे, अशी ही कल्पना होती. मात्र मताचा हक्क कर भरणाऱ्या थोड्या लोकांपुरता राहिल्याने या शिक्षणाचा लाभ वकील, व्यापारी, इनामदार अशा वर्गाच्या पलीकडे फारसा गेला नाही.

शाळेत शिरलेले नागरिकशास्त्र वेगळ्याच मुशीतले होते. मुंबई इलाख्यात मुलकी अधिकारी म्हणून दीर्घकाळ काम केलेले विल्यम ली-वॉर्नर यांनी हिंदुस्थानातील शाळांसाठी ‘द सिटिझन ऑफ इंडिया’ हे पुस्तक लिहिले आणि ते १८९७ मध्ये प्रसिद्ध झाले. गावापासून आरंभ करून जिल्हा, इलाखा, संस्थाने आणि शेवटी साम्राज्य अशी चढती मांडणी करणाऱ्या या पुस्तकात सरकारने दिलेल्या शांतता, आरोग्य, शिक्षण इत्यादी लाभांचे वर्णन होते आणि त्यांच्या बदल्यात प्रजेने राखावयाच्या निष्ठेचा उपदेश होता. वाचणाऱ्या मुलाला नागरिक म्हटले होते, पण त्याने काही ठरवावे अशी एकही जागा त्या रचनेत नव्हती. पुस्तकाचा आशय पुढे टाकून देण्यात आला. गावापासून वर चढत जाणारी मांडणी मात्र टिकली. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधिमंडळ, संसद या क्रमाने आजही शालेय नागरिकशास्त्र शिकवले जाते. या क्रमात गैर काही नाही. फक्त तो सरकारी कचेरीच्या बाजूने लावलेला आहे, दाखल्यासाठी तिच्या दारात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बाजूने नव्हे.

या पुस्तकी निष्ठेची परीक्षा लवकरच झाली. वंगभंगाच्या चळवळीत ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, तीत पुढाकार घेतल्याबद्दल विनायक दामोदर सावरकर यांना फर्ग्युसन महाविद्यालयाने दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढून टाकले. हे महाविद्यालय सरकारी नव्हते. देशसेवेच्या ध्येयाने एकत्र आलेल्या मंडळींनी ते उभे केले होते, आणि तरीही विद्यार्थ्याने राजकारणापासून दूर राहावे ही अपेक्षा तेथे तितकीच पक्की होती. १९०७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव हर्बर्ट रिस्ले यांनी काढलेल्या परिपत्रकाने या अपेक्षेला नियमाचे रूप दिले. ज्या संस्थांचे विद्यार्थी किंवा शिक्षक राजकीय चळवळीत पडतील त्यांचे अनुदान, शिष्यवृत्त्या आणि विद्यापीठाशी असलेली संलग्नता काढून घेण्याचा धाक त्यात होता. राष्ट्रीय शिक्षणाचा, म्हणजे सरकारी अनुदान आणि अभ्यासक्रम यांपासून मुक्त असलेल्या शिक्षणाचा, प्रयोग म्हणून प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांनी काढलेले आणि पुढे तळेगावला स्थिरावलेले समर्थ विद्यालय तर सरकारने १९१० मध्ये बंदच पाडले. शाळेत नागरिकत्वाचा धडा आणि शाळेबाहेर नागरिकत्वाला बंदी, ही विभागणी या पाच-सहा वर्षांत घट्ट झाली.

प्रौढांच्या मताधिकाराचा वाद याच सुमारास वेगळ्या वाटेने पुढे जात होता. १९१९ च्या सुधारणांनी मतदारांची संख्या वाढवली तरी मत मालमत्ता, सारा किंवा कर यांनाच बांधलेले राहिले, आणि ते निरक्षरांना द्यावे की नाही यावर सुधारकांमध्येही एकमत नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने प्रौढ मताधिकाराची मागणी केली आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या राज्यरचनेविषयीच्या आपल्या स्वतंत्र अहवालात तिचे सविस्तर समर्थन केले. निरक्षरता म्हणजे अज्ञान नव्हे; ज्यांना शाळेची दारे बंद ठेवली गेली त्यांची निरक्षरता त्यांच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरणे हा दुहेरी अन्याय आहे, आणि राजकीय जीवनात भाग घेणे हेच एक शिक्षण आहे, असा त्या समर्थनाचा रोख होता. संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने हीच भूमिका स्वीकारली. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती, तरीही त्याच वर्षाअखेर सुरू झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी सतरा कोटींहून अधिक मतदारांची नोंदणी झाली. उमेदवाराचे नाव वाचता न येणाऱ्यासाठी प्रत्येक मतपेटीवर चिन्ह चिकटवण्याची सोय करण्यात आली.

शाळेच्या आत सहभागातून शिकण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न वर्ध्याला झाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या प्राथमिक शिक्षणाची कल्पना मांडली. डॉ. झाकिर हुसेन समितीने तिचा तपशीलवार आराखडा केला आणि तीच पुढे नई तालीम किंवा मूलोद्योग शिक्षण या नावाने ओळखली गेली. या योजनेची चर्चा बहुधा टकळी आणि चरखा यांपाशीच थांबते, परंतु समितीने नागरिकत्वाच्या आदर्शाला आपल्या अहवालात स्वतंत्र स्थान दिले होते. सहकारी समाजात वाढलेले मूलच पुढे जबाबदार नागरिक होईल, हे त्यामागील गृहीत होते. सेवाग्रामच्या शाळेत आशादेवी आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम् यांनी ते प्रत्यक्षात उतरवले. मुलांची आमसभा भरे, ती सफाई, रसोडा, शेती अशा कामांचे मंत्री निवडी, आणि झालेल्या कामाचा हिशोब या मंत्र्यांना त्याच सभेपुढे द्यावा लागे. येथे मंत्रिपद ही शोभा नव्हती, कारण रसोड्याच्या मंत्र्याचा अंदाज चुकला तर त्याचा परिणाम त्याच दिवशी सर्वांच्या ताटात दिसणार होता. जबाबदार शासन, म्हणजे ज्यांनी निवडले त्यांनाच उत्तर देणारे शासन, ही संज्ञा पाठ करण्याआधी मुलांनी ती भोगलेली असे.

स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शिक्षण मागे पडले, पण त्यातील मंत्रिमंडळ मात्र महाराष्ट्रभर पसरले. मुदलियार आयोगाने १९५३ च्या अहवालात लोकशाही नागरिकत्व हे माध्यमिक शिक्षणाचे उद्दिष्ट म्हणून सांगितले, आणि जिल्हा परिषदांच्या शाळांत ‘शालेय मंत्रिमंडळ’ हा वार्षिक उपक्रम रुळला. मुलांमधून मुख्यमंत्री निवडला जातो. स्वच्छतामंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री, सहलमंत्री आणि अलीकडे पोषण आहारमंत्री अशी खाती वाटली जातात. चिठ्ठ्या, खोक्याची मतपेटी, बोटाला शाई आणि मतदान अधिकारी म्हणून बसलेले सातवीतले विद्यार्थी, हा सोहळा अनेक गावांत मनापासून पार पाडला जातो, आणि मोबाइलवर मतदान यंत्राची नक्कल करणारी ॲप आल्यापासून त्यात नवे आकर्षणही आले आहे. मात्र मतदानाचा दिवस सरला की उरते ते बहुधा परिपाठाची रांग लावणे आणि फळा पुसून घेणे. सेवाग्रामच्या मंत्र्याला आमसभेपुढे उभे राहावे लागे, शालेय मंत्री वर्गशिक्षकांना उत्तर देतो. त्याच्या हाती पैसा नसतो आणि समोर विरोधी पक्षही नसतो. निवडणूक आत्मसात झाली आणि उत्तरदायित्व गळाले, असे या प्रसाराचे वर्णन करता येईल.

नक्कल संसदेची गोष्टही फारशी निराळी नाही. १९६२ मध्ये मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने, म्हणजे पक्षांच्या सदस्यांना सभागृहात हजर ठेवण्याची जबाबदारी असलेल्या प्रतोदांच्या परिषदेने, विद्यार्थ्यांत संसदीय पद्धतीची गोडी लावण्याची शिफारस केली, आणि तीतून १९६६-६७ मध्ये दिल्लीच्या शाळांत युवा संसद स्पर्धा सुरू झाल्या. स्पर्धेत गुण मिळतात ते शिस्त, भाषा आणि कार्यपद्धती यांना. तासाभरात शपथविधीपासून विधेयकाच्या मंजुरीपर्यंत सारे आटोपावे लागते, त्यामुळे सरकार पडण्याची शक्यता संहितेतच नसते.

महाविद्यालयांतील निवडणूक मात्र नक्कल नव्हती, आणि तिची अडचणही तीच झाली. वर्गप्रतिनिधी म्हणजे सी. आर., विद्यापीठ प्रतिनिधी म्हणजे यू. आर. आणि महाविद्यालयाचा सरचिटणीस म्हणजे जी. एस. ही पदे विद्यार्थ्यांच्या मतांवर भरली जात. त्यांतून राज्याच्या राजकारणातील अनेक कार्यकर्ते घडले, आणि त्याचबरोबर पॅनेल, पैसा, मारामाऱ्या व पक्षांची ढवळाढवळ हेही आले. १९८९ मध्ये मुंबईत निवडणुकीच्या वैमनस्यातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला, त्यानंतर या निवडणुका बंद करण्याची मागणी बळावली. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने थेट निवडणूक काढून टाकली आणि मागील परीक्षेत गुणवत्ता दाखवलेल्या विद्यार्थ्याला वर्गाचा प्रतिनिधी म्हणून नेमण्याची पद्धत आणली. अशा नेमलेल्या प्रतिनिधींनी आपल्यातून सचिव निवडायचा होता. मतदारांची संख्या अशी मोजकी झाल्याने विद्यापीठ पातळीवर प्रतिनिधींची पळवापळवी उलट सोपी झाली. तथापि खरा मुद्दा तत्त्वाचा आहे. गुणपत्रिका हा प्रतिनिधित्वाचा आधार मानणे म्हणजे संविधानाने प्रौढांच्या बाबतीत फेटाळलेली शिक्षणाची अट विद्यार्थ्यांवर पुन्हा लादणे होते. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने २८ मार्च १९८९ पासून मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले होते, म्हणजे देशाचे सरकार निवडण्यास पात्र ठरवलेला तरुण पाचच वर्षांत वर्गाचा प्रतिनिधी निवडण्यास अपात्र ठरला. हिंसेचा प्रश्न खरा होता, परंतु विधानसभेच्या निवडणुकीत हिंसा झाली म्हणून आमदार गुणांवर नेमावेत असे कोणी सुचवले नव्हते.

परतीचा मार्ग न्यायालयातून निघाला. विद्यार्थी निवडणुकांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या, जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये लागू केल्या. उमेदवाराचा खर्च पाच हजार रुपयांच्या आत, छापील फलकांना मनाई, ७५ टक्के उपस्थिती आणि अर्ज भरण्यापासून निकालापर्यंतची प्रक्रिया दहा दिवसांत पूर्ण, असे तिचे नियम होते. निवडणूक टाळण्याऐवजी ती आवाक्यात ठेवण्याचा हा व्यवहारी उपाय होता. महाराष्ट्राने त्याकडे वळायला आणखी दशक घेतले. १ मार्च २०१७ पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी यांच्या थेट निवडणुकीची तरतूद परत आणली. त्यानंतर नियम झाले, वेळापत्रके जाहीर झाली आणि पुढे ढकलली गेली. २०१९ मध्ये विधानसभेची निवडणूक तोंडावर आली हे त्याचे एक कारण होते. त्यामुळे २०१७ च्या जूनमध्ये अठरा वर्षे पूर्ण करून पदवीच्या पहिल्या वर्षात आलेल्या विद्यार्थ्याला २०२० पर्यंत लोकसभेसाठी एकदा आणि विधानसभेसाठी एकदा मत देता आले, महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेसाठी मात्र एकदाही नाही.