४१३५२० : औशाच्या पिन कोडाचे गणित

आंतरदेशीय पत्रावर पत्त्याखाली सहा चौकटी असतात. पत्र लातूर जिल्ह्यातल्या औशाला जायचे असेल तर त्यांत ४, १, ३, ५, २, ० भरायचे. शून्यापासून पाचापर्यंतचे सगळे अंक, प्रत्येक एकदाच. हा निव्वळ योगायोग. १५ ऑगस्ट १९७२ रोजी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेतून पिन कोड सुरू झाला, तो टपालाची वर्गवारी सोपी व्हावी म्हणून. पिन कोड ही खूण आहे, मोजमाप नव्हे, पण सलग लिहिला की त्याची संख्या होतेच.

या संख्येचे काही गुण अंकांचे आहेत, काही अंकांच्या क्रमाचे. अंकांची बेरीज १५, म्हणून ३ने भाग जातो, ९ने जात नाही. अंक कसेही फिरवा, यात फरक पडत नाही. आरंभी शून्य नको म्हटले तर या सहा अंकांच्या ६०० संख्या होतात. चढत्या क्रमाने मांडल्यास औशाची ४०२वी.

अवयव मात्र क्रमावर ठरतात. शेवटी ० आहे, म्हणून ५ने भाग जातो. शेवटचे चार अंक ३५२०. त्यांना १६ने भाग जातो, म्हणून पूर्ण संख्येलाही जातो. ३२ने जात नाही. १६ × ३ × ५ म्हणजे २४०, आणि

४१३५२० = २४० × १७२३.

१७२३ मूळ आहे का? ४२चा वर्ग १७६४, तेव्हा ४१पर्यंतच्या तेरा मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरे. एकानेही भाग जात नाही. म्हणजे १७२३ मूळ. ४१३५२०चे विभाजक एकूण ४०. स्वतःला वगळून त्यांची बेरीज ८६९१३६, म्हणजे ४१३५२०च्या दुपटीहून जास्त. ही श्रीमंती खरे तर २४०ची आहे, १७२३चा त्यात हातभार नाममात्र.

लातूरचा पिन ४१३५१२, म्हणजे ८ × ५१६८९. औशाचा ८ × ५१६९०. ५१६८९ आणि ५१६९० हे गुणक लागोपाठचे; म्हणून दोन्ही पिनांचा मसावि बरोबर ८.

आता देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांची क्रिया. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. चार अंकांत, सगळे अंक सारखे नसतील तर, ६१७४ हाती येते. औशाचे असे होते:

५४३२१० − ०१२३४५ = ५३०८६५

पुढे ८२९९६२, ७७१७२३, ६५३५४४, ३१०८८७, ८७३५२२, ६५१७४४, ६२०८७४ आणि नवव्या पायरीला ८५१७४२. तिथून ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि पुन्हा ८५१७४२. सात संख्यांचे रिंगण.

क्रिया पहिल्याच पायरीला क्रम विसरते. त्यामुळे उरलेल्या ५९९ संख्याही याच वाटेने जातात. १७२३चा मागमूसही राहत नाही. माझ्या मते अवयवांचे विवेचन या संख्येबद्दल अधिक सांगते, कापरेकरांची क्रिया अधिक गंमत देते. वाचकांनी आपल्या गावचा पिन घेऊन दोन्ही करून पाहावे. कागद आणि पेन्सिल पुरते.