दर्शनी बाजू

घराचे तोंड बदलण्याची हौस माणसाला फार जुनी. स्वतःचे बदलता येत नाही म्हणूनही असेल.

पुण्यात या विषयाचा पहिला धडा शनिवारवाड्याने घालून दिला. १७३२ साली त्याची वास्तुशांत झाली. दिल्ली दरवाजा तुम्ही पाहिलाच असेल. हत्तीने धडक द्यायच्या आधी दोनदा विचार करावा म्हणून त्याच्या कपाळाच्या उंचीवर लोखंडी खिळे, आणि भल्याथोरल्या दारात एक छोटी दिंडी. दिंडीतून शिरणाऱ्याचे आधी डोके आत येते, मग तो स्वतः. पहारेकऱ्याला केवढी सोय! आमच्या बँकेच्या शटरला साखळी बांधून खातेदाराला वाकून आत घेतात, ती मला याच परंपरेतली वाटते. फरक एवढाच, की खातेदार डोके शाबूत घेऊन परत जातो. पैशांचे सांगत नाही.

पुढे दाराचा रोख बदलला. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा १८०७ च्या सुमाराचा. त्याचा नक्षीदार लाकडी सज्जा पाहा. हा मनुष्य शत्रूची नव्हे, बघ्यांची वाट पाहतोय हे लगेच कळते. १८१८ नंतर तर चाल करून येणारे हत्तीच संपले. सामान्य गृहस्थाने मग दिंडी, अडसर, गणेशपट्टी आणि बाहेरचा ओटा एवढ्यावर हौस भागवली.

वाड्यांच्या तोंडाला खरा काळिमा लागला तो १९४७ च्या भाडे कायद्याने. भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. रंगाचा डबा आणि सुताराची मजुरी मात्र गोठायला तयार होईनात. आम्ही कॉमर्सवाले. जमा स्थिर आणि खर्च चढता असला की कात्री प्रथम कशाला लागते हे आम्हाला विचारा. मालक म्हणे भाडे वाढवा, भाडेकरू म्हणे आधी गळती थांबवा, आणि या संवादात दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. नवा कायदा लागू झाला ३१ मार्च २००० रोजी (तारीख बहुधा एखाद्या बँकवाल्यानेच सुचवली असावी), भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली. पण तोवर १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठचे मातीविटांचे वाडे नेले होते आणि उरलेल्यांवर बिल्डरांची नजर होती. पुरानंतर उभे राहिले ते सिमेंट, मोझाइक आणि ग्रिल.

आमचे घर पुरातून वाचले. सध्या ते धाकट्या भावाच्या तावडीत आहे. दर्शनी भागाला काच, दाराला कॅमेऱ्याची घंटा आणि ओट्याच्या जागी पार्किंग, असा त्याचा नकाशा. अडसरासाठी भिंतीत केलेले खोल भोक पाहून कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "ही गळती दिसते."

दाराबद्दल आत्याची तक्रार नाही. पण नव्वदीच्या घरातली ही बाई रोज संध्याकाळी ओट्यावर बसून सगळी आळी तपासते. ती भावाला म्हणाली, "अरे, तुझ्या त्या कॅमेऱ्याला कळणार आहे का, जोशीबाई आज औषधाला गेल्या नाहीत ते?"

भाऊ गप्प बसला. दार ठरले, काच ठरली. ओट्याची रक्कम मात्र तूर्त सस्पेन्स खात्यात पडून आहे.