खेळाचा मोबदला मागणे पाप नाही

"खेळ हौसेने खेळायचा असतो, पैशासाठी नाही." कॉलेजच्या मैदानावर आपल्या पोरांना हा उपदेश हमखास ऐकवला जातो. मित्रांनो, हे तत्त्व आले कुठून, ते आधी तपासू.

1879 साली इंग्लंडमधल्या हेन्लीच्या नौकाशर्यतीने 'हौशी' खेळाडूची व्याख्या केली. तिच्यात कारागिराला आणि मजुराला जागाच नव्हती. क्रिकेटमध्येही बिनपगारी 'जंटलमन' आणि पगारी 'प्लेअर' हा भेद 1962 पर्यंत टिकला. ज्याच्या घरी बसून खायला आहे, त्याचाच खेळ शुद्ध! शुद्ध-अशुद्धाची ही भाषा आपल्याला नवी आहे काय?

आपल्याकडे बाळू पालवणकर पाहा. चांभार समाजातला हा डावखुरा गोलंदाज पुण्यात इंग्रजांच्या क्लबवर महिना 4 रुपयांवर मैदान राखायचा आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायचा. पुढे हिंदू क्लबाला त्याच्या विकेट हव्या होत्या, पण त्याचा चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधीच मिळाले नाही. ते 1923 मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. 1937 च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. त्यांचे राजकारण आपल्याला मान्य नाही, पण त्यांच्या घामाचा हिशेब आपलाच आहे.

अमेरिकेत हा हिशेब कोर्टात गेला. तिथल्या कॉलेज फुटबॉल-बास्केटबॉलमध्ये कृष्णवर्णीय मुलांचा मोठा भरणा आहे. त्यांच्या खेळावर विद्यापीठे कोट्यवधी डॉलर कमावत होती आणि मुलांना 'हौशी' म्हणत होती. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवर अशी मर्यादा घालणे मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही. जून 2025 मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार आता एक कॉलेज पहिल्या वर्षी सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत खेळाडूंना थेट देऊ शकते.

कुणी म्हणेल, आपल्या कॉलेजांना खेळातून असे उत्पन्न कुठे आहे? बरोबर, नाही. म्हणूनच आपली मागणी नफ्यातल्या वाट्याची नाही, बुडालेल्या रोजाची आहे. सकाळ-संध्याकाळ सराव करणारा पोरगा त्या वेळात हॉटेलात किंवा वाळूजच्या कंपनीत काम करू शकत नाही. बापाच्या पगारावर ज्याचे भागते तो मैदानावर टिकतो, आणि आई रोजंदारीवर जाते त्याचे बूट खुंटीला लागतात. गुणवत्ता इथेच गळते. 'खेलो इंडिया'त निवड झालेल्यांना महिना 10 हजार रुपये मिळतात, पण निवडीपर्यंत पोहोचायचे कशाच्या जोरावर?

बाबासाहेबांना बडोदा संस्थानाने शिकण्यासाठी दरमहा पैसे दिले. त्याला कुणी 'ज्ञानाचा धंदा' म्हटले नाही. त्याच बाबासाहेबांनी 1950 मध्ये या शहरात मिलिंद महाविद्यालय उभे केले. आज विद्यापीठालाही त्यांचे नाव आहे. मग त्या नावाच्या संघातून खेळणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला सरावाच्या महिन्यांचा निर्वाह भत्ता, आहार आणि दुखापतीचा खर्च मिळालाच पाहिजे. खेळाच्या नावाने घेतलेले शुल्क कुठे खर्च होते, हेही जाहीर झाले पाहिजे.

विद्यार्थी संघटनांनी नामांतराची लढाई ज्या शहरात लढली, तिथे ही मागणी लेखी देणे अवघड नाही. अर्ज उद्याच लिहा.

जय भीम!