दारिद्र्याची रेघ
पुढ्यात फराळाचे ताट असताना भुकेचा हिशेब कशाला, असे घरची मंडळी म्हणतील. पण मला राहवत नाही. दादाभाई नौरोजींनी १८७६ साली हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न २० रुपये धरले आणि शेजारी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च मांडला. कैद्याचाच खर्च जास्त भरला! पुढे २००० साली संयुक्त राष्ट्रांनी ठरविले, की दिवसाला एका डॉलरहून कमी मिळणाऱ्यांचे प्रमाण २०१५ पर्यंत निम्म्यावर आणायचे. रेघ सव्वा डॉलरवर सरकली, तरी २०१० मध्येच ते साधले. मात्र मोजणी १९९० पासूनची; म्हणजे चीनने आधीच मारलेली मजलही त्यात जमा. ही हातचलाखी मला रुचत नाही. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत तर २०१५ उजाडले, तरी निम्मे झालेच नव्हते.