सांडपाणी जातं कुठे? कानेओहेच्या प्रवाळांची गोष्ट

न्हाणीचं, मोरीचं, संडासाचं पाणी परसाबाहेर गेलं की आपण ते विसरून जातो. आज मी एका ठिकाणाचा इतिहास सांगणार आहे. तिथे असं विसरलेलं पाणी समुद्रात साठलं आणि ते निस्तरायला तीस वर्षं लागली.

प्रशांत महासागरात हवाई नावाची बेटं आहेत. आज ते अमेरिकेचं एक राज्य आहे. त्यातल्या ओआहू बेटाच्या पूर्व अंगाला कानेओहे नावाचा उपसागर आहे. त्याच्या तोंडाशी प्रवाळांची रांग बांधासारखी उभी असल्यामुळे आतलं पाणी संथ राहतं.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. ते इवल्या जिवांनी बांधलेलं घर असतं. माळेतलं लाल पोवळं याच कुळातलं. उथळ पाण्यातल्या या जिवांच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला वाटा प्रवाळाला देतं. म्हणून प्रवाळाला नितळ पाणी आणि भरपूर ऊन लागतं. त्याच्या आडोशाला मासे वाढतात आणि लाटांचा जोरही तिथे मोडतो.

जुने हवाईवासी डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतचा पट्टा एकच मानत. त्याला ते अहुपुआआ म्हणत. वर ओढ्याच्या पाण्यावर अळूची खाचरं असत. त्यांचं अळू आपल्यासारखं वडीपुरतं नव्हतं, कंद हे रोजचं मुख्य अन्न होतं. खाचरातलं पाणी पुन्हा ओढ्याला मिळे. खाली किनाऱ्यावर दगडी बांध घालून माशांची तळी केलेली असत. वरच्याने पाणी नासवलं तर खालच्याचं ताट रिकामं राहणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे चित्र पालटलं. लष्करी तळ होताच, त्यात वस्ती झपाट्याने वाढली. 1950 च्या दशकात तळाचं सांडपाणी उपसागरात येऊ लागलं आणि 1963 पासून कानेओहे गावाचंही. ते पाणी थेट गटारातून येत नव्हतं. प्रक्रिया केंद्रात त्यातली घाण काढली जात होती. पण नत्र आणि स्फुरद पाण्यात विरघळलेले राहत होते. शेतकरणींना ही नावं नवी नाहीत. तेच खत शेतात पीक देतं आणि समुद्रात तण माजवतं. पाणी हिरवट, गढूळ झालं. फुग्यांसारख्या हिरव्या शेवाळाची चादर प्रवाळांवर पसरली. त्याखाली ऊन पोचेना आणि प्रवाळ मरू लागले.

उपसागरातल्याच एका छोट्या बेटावर हवाई विद्यापीठाची प्रयोगशाळा आहे. तिथल्या अभ्यासकांनी 1970-71 मध्ये कुठे किती प्रवाळ उरलेत याची मोजणी करून ठेवली होती. आपल्या गटाची नोंदवही जशी वादाच्या वेळी कामाला येते, तशी ही मोजणी पुढे कामाला आली. लोकांची ओरड आणि अभ्यासकांचे आकडे यांचा रेटा वाढला. 1977-78 मध्ये सांडपाण्याची वाट बदलली. नळ उपसागराबाहेर, खोल खुल्या समुद्रात नेला.

थोड्याच महिन्यांत पाणी निवळू लागलं. 1983 मध्ये पुन्हा मोजणी झाली. प्रवाळांनी व्यापलेली जागा दुपटीहून जास्त झाली होती आणि ते फुग्याचं शेवाळ जवळपास चौथाईवर आलं होतं.

पण गोष्ट इथे संपली नाही. 1990 च्या मोजणीत सुधारणा मंदावलेली दिसली. पावसात डोंगरावरची माती आणि वस्तीचं पाणी अजून येतच होतं. उरलेलं शेवाळ हटेना. 2006 च्या मार्चमध्ये कित्येक आठवडे पाऊस आणि ढग राहिले. ऊन न मिळाल्याने ते शेवाळ एकदम ओसरलं. नळ हलवल्याला तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती.

आणि हवाईत अजूनही ऐंशी हजारांहून जास्त घरांचं मैलापाणी नुसत्या खड्ड्यात जातं. तिथून ते जमिनीत झिरपून विहिरींकडे आणि समुद्राकडे सरकतं. 2017 मध्ये तिथे कायदा झाला. असे खड्डे 2050 पर्यंत बदलायचे आहेत. खर्च मोठा असल्याने घरमालकांना ते जड जातं आहे.

आपल्याकडेही प्रवाळ आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात ते आढळतात आणि 1987 मध्ये तिथे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. कोकणातला ओढा शेवटी त्याच समुद्राला मिळतो. आणि समुद्र दूर असलेल्या गावात त्या प्रवाळाच्या जागी आपली विहीर असते.

म्हणून पुढच्या बैठकीत तीन प्रश्न घ्या. आपल्या संडासाचा खड्डा विहिरीपासून आणि ओढ्यापासून किती लांब आहे? सेप्टिक टाकीचं वरचं पाणी शोषखड्ड्यात जातं की उघड्या गटारात? टाकी उपसणारा टँकर मैला कुठे नेऊन ओततो? उत्तरं वहीत लिहा, तारीख घाला आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. कानेओहेत नळ हलवायला जेवढी वर्षं लागली, त्याहून जास्त वर्षं घाण निस्तरायला लागली. आपल्या गावात अजून खड्डा हलवण्यापुरतंच काम असेल, तर ते आत्ताच करून घेऊ या.