समुद्रांतली तार आणि मलायांतील वृक्ष

इ. स. १८७० सालीं ‘ग्रेट ईस्टर्न’ नांवाच्या प्रचंड आगबोटीनें मुंबईपासून एडनपर्यंत समुद्रतळाशीं तार अंथरली, आणि पुढच्या तारांशीं ती जोडली जाऊन मुंबई व लंडन एकमेकांशीं बोलूं लागलीं. इराणच्या आखातांतून गेलेली तार त्यापूर्वीं पांच वर्षें होती; पण तिच्यावरचे संदेश वाटेंत रखडत व विकृतही होत. आतां लिव्हरपूलचा कापसाचा भाव मुंबईच्या पेढीवर कांहीं तासांत येऊं लागला, आणि खामगांवच्या बाजारांत उभ्या असलेल्या गाडीवानाच्या मालाची किंमत हजारों कोसांवर ठरूं लागली.

या पराक्रमाची कथा सांगतांना विल्यम टॉम्सनचें गणित, इंजिनियरांची चिकाटी व भांडवलवाल्यांचें धाडस यांचें वर्णन होतें, आणि तें योग्यच आहे. परंतु तांब्याची उघडी तार खाऱ्या पाण्यांत टाकली तर वीज पाण्यांतच निघून जाते. तिला वस्त्र हवें. आणि तें वस्त्र मलाया, सुमात्रा व बोर्निओ येथील अरण्यांतून आलें.

गटापर्चा हा तेथील एका वृक्षाचा चीक. आपल्या बकुळीच्या व मोहाच्याच कुळांतला हा वृक्ष. त्याचा चीक गरम पाण्यांत मऊ होऊन हवा तो आकार घेतो व थंड होतांच घट्ट बनतो. मलायी लोक त्याच्या कोयत्यांना मुठी करीत. सिंगापूर येथील डॉक्टर माँटगोमेरी यांनीं १८४३ मध्यें त्याचे नमुने लंडनला पाठविले; १८४८ मध्यें फॅरडेनें त्याचा वीज अडविण्याचा गुण जगापुढें मांडला; आणि १८५१ सालीं डोव्हर व कॅले यांच्यामध्यें समुद्रतार पडली. ‘शोध लागला’ असें याला म्हणण्याचा प्रघात आहे. मुठी करणारांना तें ऐकून हंसूं आलें असतें.

रबराच्या झाडाला खाप पाडली कीं चीक वाटींत ठिबकतो व झाड जगतें. गटापर्चाचा चीक असा वाहत नाहीं, सालींतच गोठतो. म्हणून वृक्ष आडवा पाडावयाचा, सालीवर कडीं कोरावयाचीं व हातीं येईल तेवढा चीक खरवडून घ्यावयाचा. मोठ्या वृक्षांतूनही बहुधा पौंडभर निघत नसे! १८५८ च्या अटलांटिक तारेला सुमारें ३०० टन गटापर्चा लागला. वृक्षामागें पुरता पौंड धरला तरी साडेसहा लाखांहून अधिक वृक्ष होतात. आणि ती तार कांहीं आठवडे चालून मुकी झाली. सिंगापूर बेटावरचे वृक्ष तोंपर्यंत जवळजवळ संपले होते. मग कुऱ्हाड सुमात्रा-बोर्निओच्या आंतल्या रानांकडे वळली. कुऱ्हाड धरणारा हात तेथल्याच रहिवाशाचा असल्यामुळें दोष त्याच्यावर ढकलणें सोपें होतें. पण मागणी टेम्सकांठच्या कारखान्यांतून येत होती, आणि अरण्य उरलें काय, गेलें काय, हें त्यांच्या हिशेबवहींत कोठेंच मांडलेलें नव्हतें.

वृक्ष न तोडतां पानांतूनच गटापर्चा काढण्याची युक्ति पुढें साधली. जावांतील त्जिपेतिर येथें डच सरकारनें १८८५ मध्यें त्यासाठीं मळा लावला. १९३३ मध्यें पॉलिथीन हातीं आलें व पुढें तारांचें वस्त्रच बदललें. अलीकडे युरोपच्या पश्चिम किनाऱ्यांवर ‘त्जिपेतिर’ हीं अक्षरें उमटलेल्या गटापर्चाच्या वड्या लाटांबरोबर येऊन पडतात. बुडालेल्या जहाजांतल्या त्या असाव्यात. शतक उलटलें तरी त्या कुजलेल्या नाहींत.