देवमाशाचा कान

उत्क्रांतीविषयी शंका घेणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. ‘एका प्राण्यापासून दुसरा झाला, तर मधले प्राणी कोठे आहेत?’ हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे.

देवमासा नावाचाच मासा. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलांना अंगावर पाजतो. मग तो पाण्यात आला कसा? १८५९ साली डार्विनने आपल्या ग्रंथात तोंड उघडे ठेवून पोहत पाण्यातील किडे टिपणाऱ्या अस्वलाचा दाखला दिला. पिले आईबापांसारखी असतात, पण हुबेहूब नसतात. ज्यांचा फरक उपयोगी पडतो ती तगतात, आणि पिढ्यानुपिढ्या तो फरक वाढत जातो, हे त्याचे म्हणणे. दाखल्याची थट्टा झाली. पुढील आवृत्तीत त्याने तो आखडता घेतला. हाती पुरावा नव्हता.

पुरावा निघाला तो आपल्याच उपखंडात. पाकिस्तानातील सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळालेल्या एका जमिनीवरील प्राण्याच्या कवटीत कान देवमाशाच्या घडणीचा होता. १९८१ साली त्याचे ‘पाकिसीटस’ असे नामकरण झाले. १९९४ साली तेथीलच ‘अँब्युलोसीटस’ जगापुढे आला; त्याला चालताही येई, पोहताही येई. भूवैज्ञानिक रंगा राव यांनी जम्मूकडील कालाकोटहून जमविलेले दगड त्यांच्या पश्चात तपासले गेले. २००७ साली त्यांतील मांजराएवढ्या, खूर असलेल्या ‘इंडोह्यूस’च्या कानाचे हाड देवमाशासारखेच जाड असल्याचे प्रसिद्ध झाले. हा देवमाशाचा आजोबा नव्हे, भाऊबंद म्हणावा.

शंका घेणाऱ्यांनी पुरावा मागितला, हे योग्यच झाले. आता तो पुढे आला आहे. तो तपासणे हे आपणा सर्वांचे काम आहे.